खोकं पोहोचलं कधी?

दारात उभा असलेला कुरिअरवाला मावशीकडे वयाचा पुरावा मागत होता. मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची. ओहायोत कोलंबसला लेकाकडे सहा महिन्यांसाठी आलेली, आणि त्या दुपारी घरात ती आणि मी, दोघंच. खोक्यावर ठसठशीत पट्टी होती: आत मद्य आहे, एकवीस वर्षांवरच्या माणसाची सही घेतल्याशिवाय देऊ नये. तिचे पिकलेले केस, हातातली काठी, सगळं त्याला दिसत होतंच. पण त्याच्या यंत्राला जन्मतारीख हवी होती. मावशीनं कपाटातून पासपोर्ट आणला आणि त्या इवल्याशा पडद्यावर बोटानं, पेन्शनच्या कागदावर करते तशी, देवनागरीत सही केली. जन्मात दारूला न शिवलेल्या बाईनं व्हरमाँटच्या एका छोट्या ब्रुअरीची बारा कॅन बिअर अशी रीतसर ताब्यात घेतली.

संध्याकाळी मावसभाऊ आला तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "इथं दुकानात मिळत नाही का रे?"

"मिळते की. ही नाही मिळत."

या 'ही'साठी त्यानं बिअरच्या किमतीच्या जवळपास जाईल इतका पाठवणीचा खर्च भरला होता. मला त्या बिअरपेक्षा त्या पट्टीचं नवल वाटत राहिलं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात निघालेलं दारूचं खोकं नेमकं कधी 'पोहोचलं' म्हणायचं, यावर अमेरिकेत एवढी भांडणं झाली आहेत की त्या पट्टीतला शब्द न् शब्द कुठल्या ना कुठल्या खटल्यातून किंवा कायद्यातून गाळून आलेला आहे.

बिअर मुळात गावात करायची आणि गावातच पिऊन संपवायची चीज. पिंपं जड, उन्हात माल आंबणार. 1873 साली अमेरिकेत 4,131 ब्रुअऱ्या होत्या, त्या एवढ्यासाठीच. मग आगगाडी आली आणि तिच्या मागोमाग बर्फ. सेंट लुईसच्या अडॉल्फस बुशनं 1870च्या दशकात बाटलीतली बिअर पाश्चराइज करायला घेतली, रुळांच्या कडेनं बर्फाची कोठारं उभारली, थंड वाघिणी धाडल्या. एका राज्याची बिअर दुसऱ्या राज्यात न बिघडता पोहोचू लागली. नेमक्या त्याच सुमाराला एकेक राज्य दारूबंदी आणत होतं. या दोन गोष्टींची गाठ कुठे ना कुठे पडणारच होती. ती पडली आयोवातल्या कीओकक या मिसिसिपीकाठच्या गावात.

नदीपलीकडचं इलिनॉय ओलं, अलीकडचं आयोवा कोरडं. पिओरियाच्या लायसी कुटुंबाची ब्रुअरी आपला माल कीओककला पाठवून तिथे विकायला बसली. गावचा मार्शल हार्डिन यानं तो जप्त केला: पाव पिंपाचे 122 नग, अष्टमांश पिंपाचे 171 आणि 11 सीलबंद पेट्या. प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि एप्रिल 1890 मध्ये लायसी जिंकले. न्यायालय म्हणालं, राज्याराज्यांमधला व्यापार ही केंद्राची बाब. परराज्यातला माल मूळ वेष्टनात आहे आणि आणणाऱ्यानं तो अजून विकलेला नाही, तोवर त्याचा प्रवास चालूच आहे. राज्यानं त्याला हात लावायचा नाही.

झालं. कोरड्या राज्यांत 'मूळ वेष्टना'ची दुकानं उघडली. वेष्टन केवढं असावं हे कुणी सांगितलं नव्हतं, तेव्हा एकेक बाटली सीलबंद करून तिलाच वेष्टन म्हणायचं. काँग्रेसनं त्याच ऑगस्टमध्ये विल्सन कायदा करून हे बंद पाडलं: दारू राज्यात 'आली' की तिला त्या राज्याचा कायदा लागू, मग ती वेष्टनात असो वा नसो.

या मूळ वेष्टनाचं भूत पुढे मुंबईलाही आलं होतं. 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्याविरुद्ध एफ. एन. बलसारा यांनी दाद मागितली. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर आणि ओ-द-कोलोनसुद्धा बाळगण्याचा आपला हक्क त्यांना शाबूत हवा होता. आयात हा केंद्राचा विषय, मग परदेशी दारूवर राज्य बंदी कशी घालतं, असाही त्यात मुद्दा होता. 1951च्या निकालात न्या. फझल अली यांनी अमेरिकेच्या या सिद्धान्ताची दखल घेतली आणि आपल्याकडच्या अधिकारवाटपात त्याला जागा नाही म्हणून त्याला दारातूनच परत पाठवलं. कोलोन आणि औषधांपुरते बलसारा जिंकले, बिअर हरली.

अमेरिकेत मात्र वाद आता एका क्रियापदावर येऊन अडला होता. दारू राज्यात 'आली' म्हणजे कुठे आली? सीमा ओलांडली तेव्हा? स्टेशनात गाडी थांबली तेव्हा? आयोवातल्याच ब्रायटन स्टेशनवर ऱ्होड्स नावाचा स्टेशन एजंट होता. इलिनॉयहून आलेली दारूची एक पेटी त्यानं फलाटावरून उचलून काही पावलांवरच्या मालगोदामात ठेवली. गुन्हा दाखल झाला: राज्यात दारूची वाहतूक केली! 1898 साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडवलं. पेटी ज्याची आहे त्याच्या हाती पडेपर्यंत ती आलेलीच नाही, म्हणून. फलाट ते गोदाम एवढ्या हमालीवर देशाचं सर्वोच्च न्यायालय बसलं होतं, हे मला फार आवडतं. आपल्याकडे आरटीओच्या खेपा घालणाऱ्याला हे अजिबात चमत्कारिक वाटणार नाही.

त्या निकालानं घरपोच दारूचा दरवाजा सताड उघडला. मागवणाऱ्याच्या हातात पडेपर्यंत पेटी केंद्राची पाहुणी. म्हणजे कोरड्या गावातल्या माणसानं परराज्यात पैसे धाडावेत आणि एक्स्प्रेस कंपनीच्या कचेरीतून पेटी घेऊन यावी, कुणी अडवायचं नाही. ओहायोतल्या हेनर डिस्टिलिंग कंपनीनं यावर मोठा धंदा उभारला. त्यांच्या जाहिरातींत हमी असे की पेटी साधी असेल, आत काय आहे याची एकही खूण बाहेर दिसणार नाही. शेजारच्यांचं भय हेच गिऱ्हाईक. काँग्रेसनं 1909 साली त्या कोऱ्या पेटीवरच बोट ठेवलं: दारूच्या पेटीवर आत काय ते लिहिलंच पाहिजे, माल खऱ्या गिऱ्हाइकालाच द्यायचा, पोचवणाऱ्यानं पैसे वसूल करायचे नाहीत. टपालानं तर दारू पाठवायचीच नाही. मावशीच्या दारातली पट्टी या कायद्याच्या वंशातली. टपालाची बंदी आजही जशीच्या तशी आहे.

1913 मध्ये अध्यक्ष टाफ्ट यांचा नकाराधिकार धुडकावून वेब-केन्यन कायदा आला आणि कोरड्या राज्याचा कायदा मोडून दारू आत पाठवायला केंद्राचीच मनाई झाली. 1920 पासून सगळा देशच कोरडा. ती तेरा वर्षं इथे सोडून देतो, त्यांच्यावर सिनेमे भरपूर आहेत. 5 डिसेंबर 1933 रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीनं बंदी उठली, पण तिच्या दुसऱ्या कलमात वेब-केन्यनचाच आत्मा बसवलेला होता: राज्याच्या कायद्याविरुद्ध दारू आत आणायला घटनेचीच मनाई. 1936 साली मिसुरी आणि विस्कॉन्सिनची बिअर आणणाऱ्यांवर कॅलिफोर्नियानं लावलेली 500 डॉलरची फी न्यायालयानं याच बळावर कायम ठेवली. राज्यांनी मग व्यवस्था बसवली ती तीन पायऱ्यांची. ब्रुअरीनं घाऊक व्यापाऱ्याला विकायचं, त्यानं दुकानाला, दुकानानं पिणाऱ्याला. ब्रुअरीच्या मालकीचे गुत्ते पुन्हा उभे राहू नयेत हा हेतू चांगला होता. पण मधल्या पायरीवरच्या माणसाला ज्या बिअरमध्ये रस नाही, ती त्या राज्यात नाहीच, असा त्याचा अर्थ होऊन बसला.

1970च्या दशकाच्या अखेरीस देशातल्या ब्रुअऱ्या शंभराच्या आत आल्या होत्या. मिळत नाही म्हणून एखादी बिअर किती चढते, ते कूर्सच्या बाबतीत दिसलं. कोलोरॅडोची ही पाश्चराइज न केलेली, थंडच ठेवावी लागणारी बिअर पश्चिमेतल्या मोजक्या राज्यांबाहेर विकली जात नसे, म्हणून पूर्वेचे लोक परतताना गाडीच्या डिकीत भरून आणत. 1977च्या 'स्मोकी अँड द बँडिट' या सिनेमाचं कथानकच ते: टेक्सासच्या टेक्सार्कानाहून 400 पेट्या अठ्ठावीस तासांत अटलांटाला. गोव्याहून परतताना बांद्याच्या नाक्यावर ज्यांच्या छातीत धडधडलंय, त्यांना हा सिनेमा समजावून सांगावा लागत नाही. नंतर कूर्स देशभर मिळू लागली आणि साधी बिअर होऊन गेली.

त्या सिनेमाच्या दुसऱ्याच वर्षी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरी बिअर करण्याला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली. गॅरेजात पातेली चढली, त्यातले काही हौशी पुढे ब्रुअर झाले आणि गावागावात पुन्हा आपापली बिअर आली. व्हरमाँटमधल्या वॉटरबरीच्या 'द अल्केमिस्ट'चं उदाहरण घ्या. ऑगस्ट 2011 मध्ये आयरीन वादळाच्या पुरानं त्यांचा पब बुडवला, आणि काही दिवसांतच नव्या जागी त्यांची 'हेडी टॉपर' कॅनमध्ये भरली जाऊ लागली. ती व्हरमाँटबाहेर विकत नसत, म्हणून परराज्यांच्या गाड्या दुकानापुढे रांगा लावत. या जातीच्या बिअरमध्ये हॉप्सचा वास हाच जीव, आणि तो आठवड्यागणिक उडतो. घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात ती महिनाभर पडली, तर उरतो नुसता कडवटपणा. म्हणजे थेट पाठवण्याची निकड बुशच्या काळी होती तीच, फक्त आगगाडीऐवजी विमान आणि बर्फाऐवजी जेलची पिशवी.

कायदा मात्र वाइनवर मेहेरबान झाला. व्हर्जिनियाच्या वाइनवाल्या वानीटा स्वीडनबर्ग आणि इतरांच्या ग्रॅनहोम खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयानं पाचास चार मतांनी सांगितलं की स्वतःच्या वायनरीला घरपोच परवानगी आणि परक्या वायनरीला बंदी, असा दुजाभाव राज्याला करता येणार नाही. बहुतेक राज्यांनी वाइनला दार उघडलं. बिअरला उघडणारी मोजकीच: व्हरमाँट, ओहायो, ओरेगन, नेब्रास्का, व्हर्जिनिया आणि थोडी आणखी. द्राक्षाला जी इज्जत, ती सातूला नाही. माझा मावसभाऊ नशिबानं ओहायोत राहतो. त्यानं सीमेपलीकडे इंडियानात घर घेतलं असतं, तर ते खोकं निघालंच नसतं.

बिअर दोन आठवड्यांत संपली. खोकं मात्र मावशीनं जपून ठेवलं होतं, चांगलं जाड होतं म्हणून. त्यातून तिला सिएटलच्या नातीला बेसनाचे लाडू पाठवायचे होते. मावसभाऊ म्हणाला, बाहेर बिअरचं नाव असलेलं खोकं पोस्टात घेत नाहीत. त्यानं सुरीनं जोड उकलला, आतली कोरी बाजू बाहेर काढली आणि चिकटपट्टी मारली. मावशी पत्ता लिहायला बसली, मग पेन थांबवून विचारलं,

"लाडवांना सही लागते का रे?"