कार्यकारण अनुमान : आरोग्य-संशोधकांचे शिक्षण

एखाद्या औषधाचा, सवयीचा किंवा सरकारी योजनेचा आरोग्यावर काय परिणाम झाला, हे केवळ निरीक्षणातून जमलेल्या आकडेवारीवरून ठरवण्याच्या पद्धती डॉक्टरांना, साथरोगतज्ज्ञांना व सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांना शिकवण्याचे क्षेत्र. यादृच्छिक चाचणीत उपचार कोणाला मिळणार हे जणू चिठ्ठी टाकून ठरते; त्यामुळे दोन्ही गट सरासरीने सारखे असतात. केसपेपर, विम्याच्या नोंदी, कोहोर्ट अभ्यास किंवा घरोघरची सर्वेक्षणे यांत तसे नसते. ज्याला उपचार मिळाला त्याला तो काही कारणाने मिळालेला असतो, आणि त्याच कारणाचा त्याच्या प्रकृतीशीही संबंध असतो. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात योगायोगाने होणारी चूक मोजायला शिकवतात. नमुना कितीही मोठा घेतला तरी न हटणारी चूक कशी ओळखावी, हा या शिक्षणाचा विषय आहे.

इतिहास : पाठ्यपुस्तकांत सुरुवात बहुधा लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांच्यापासून होते. ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाची हकीकत अधिक प्रसिद्ध असली, तरी अध्यापनाच्या दृष्टीने स्नो यांनी १८५४ च्या कॉलऱ्याच्या साथीत दक्षिण लंडनमध्ये केलेली तुलना अधिक मोलाची आहे. तेथे एकाच रस्त्यावरील शेजारशेजारच्या घरांना दोन वेगळ्या कंपन्यांचे पाणी येत असे. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपला उपसा टेम्स नदीच्या वरच्या अंगाला, शहराचे सांडपाणी मिसळत नसलेल्या ठिकाणी हलवला होता. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहरातलेच पाणी उपसत होती. लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८ मृत्यू झाले, तर दुसऱ्या कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३; म्हणजे दर दहा हजार घरांमागे अनुक्रमे ३७ आणि ३१५. वस्ती, सांपत्तिक स्थिती, हवा सारे सारखेच असल्याने येथे वाटणी आपोआपच झालेली होती.

रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण व तितकेच इतर रुग्ण यांच्या धूम्रपानाची तुलना प्रसिद्ध केली. यादृच्छिकीकरणाचे प्रवर्तक रोनाल्ड फिशर यांनीच पुढे या निष्कर्षाला विरोध केला : धूम्रपानाची ओढ आणि कर्करोग या दोहोंच्या मुळाशी एखादी आनुवंशिक प्रवृत्ती असू शकेल, असे त्यांचे म्हणणे होते. जेरोम कॉर्नफील्ड व सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये त्याला दिलेले उत्तर आजही वर्गात फळ्यावर मांडण्याजोगे आहे. धूम्रपान करणाऱ्यांत धोका नऊपट दिसत असेल आणि तो सर्वस्वी दुसऱ्याच घटकामुळे असेल, तर तो घटक धूम्रपान करणाऱ्यांत इतरांपेक्षा निदान नऊपट अधिक आढळला पाहिजे. असा घटक कोणी दाखवू शकले नाही. हिल यांनी १९६५ च्या व्याख्यानात कार्यकारणभाव पारखण्याचे नऊ दृष्टिकोन सांगितले. ते पक्के नियम नव्हेत असे त्यांनी स्वतःच बजावले होते. तरी वैद्यकीय परीक्षांसाठी ते आजवर निकष म्हणूनच पाठ केले जातात.

गणिती पाया निराळ्या वाटांनी आला. येर्झी नेमन यांनी १९२३ मध्ये शेतीच्या प्रयोगांसाठी मांडलेली कल्पना डोनाल्ड रुबिन यांनी १९७४ मध्ये निरीक्षणात्मक अभ्यासांना लावली : प्रत्येक व्यक्तीला दोन संभाव्य फलिते असतात, एक उपचार घेतला तर आणि एक न घेतला तर, त्यांपैकी एकच दिसते. १९८३ मध्ये पॉल रोझेनबॉम व रुबिन यांनी प्रोपेन्सिटी स्कोर, म्हणजे उपचार मिळण्याची अंदाजी शक्यता, ही संकल्पना मांडली. जेम्स रॉबिन्स यांनी १९८६ पासून काळाबरोबर बदलत जाणाऱ्या उपचारांचा प्रश्न हाती घेतला. एचआयव्ही रुग्णाची सीडी-४ (रोगप्रतिकारक पेशींची) संख्या घसरली की औषध सुरू होते आणि औषधाने ती संख्या वाढते. अशा वेळी ती संख्या हिशेबात धरली तर औषधाचा गुण झाकला जातो, न धरली तर आजारी रुग्णांनाच औषध मिळाल्याने ते घातक भासते. साध्या समाश्रयणातून (रिग्रेशनमधून) या पेचाची सुटका होत नाही. २००० मध्ये प्रसिद्ध झालेली मार्जिनल स्ट्रक्चरल मॉडेल्स या पेचावरचा उपाय म्हणून वर्गात आणतात. ज्युडिया पर्ल यांच्या १९९५ च्या लेखातील, कारणाकडून परिणामाकडे जाणाऱ्या बाणांच्या आकृत्या सँडर ग्रीनलँड, पर्ल व रॉबिन्स यांनी १९९९ मध्ये साथरोगतज्ज्ञांसाठी समजावून दिल्या. संभाव्य फलिते श्रेष्ठ की आकृत्या, यावर रुबिन व पर्ल यांच्या अनुयायांत मतभेद आहेत. आरोग्य-संशोधकांच्या अभ्यासक्रमांत सहसा दोन्ही शिकवतात.

अध्यापनाचा क्रम : विषय कोणत्या टोकाने सुरू करावा, हा शिक्षकांपुढील खरा प्रश्न आहे. पूर्वीच्या कार्यशाळा बहुधा तंत्रापासून, त्यातही प्रोपेन्सिटी स्कोरपासून सुरू होत. अशा कार्यशाळेतला विद्यार्थी दोन दिवसांत उपचार घेतलेल्या व न घेतलेल्या सारख्या रुग्णांची संगणकावर जुळणी करायला शिकतो. मात्र कशासाठी आणि कोणत्या घटकांवर जुळणी करायची, हे त्याला सांगता येत नाही. मिगेल हर्नान व रॉबिन्स यांच्या २०२० मध्ये पूर्ण झालेल्या ‘कॉजल इन्फरन्स : व्हॉट इफ’ या ग्रंथाने क्रम उलटा केला. त्याचा पहिला भाग प्रारूपांविना आहे. झ्यूसच्या गोतावळ्यातील वीस जणांवर हृदयरोपण झाल्याची कल्पना करून सारा विचार निव्वळ बेरीज-भागाकाराने उलगडला जातो. सांख्यिकी प्रारूपे दुसऱ्या भागात येतात. ग्रंथ महाजालावर विनामूल्य मिळत असल्याने त्याचा प्रसार वेगाने झाला.

या क्रमात आधी प्रश्नाचा प्रकार ठरवतात : वर्णन करायचे आहे, भाकीत करायचे आहे, की एखादी गोष्ट बदलली तर काय होईल हे सांगायचे आहे. तिसरा प्रकार असेल तर ‘टार्गेट ट्रायल’ लिहून काढायला लावतात. पैसा, वेळ व नीतीची आडकाठी नसती तर कोणती चाचणी केली असती? त्यात कोणाला घेतले असते, कोणत्या दोन पर्यायांची तुलना केली असती, पाठपुरावा कोणत्या दिवशी सुरू झाला असता? मग हाताशी असलेल्या नोंदींतून तीच चाचणी शक्य तितकी उभी करायची. हर्नान व रॉबिन्स यांनी २०१६ मध्ये ही रीत सविस्तर मांडली. तिचा मोठा गुण म्हणजे डॉक्टरांना चाचणीची भाषा आधीच येत असते.

त्यानंतर आकृती. कारण व फलित या दोहोंवर प्रभाव टाकणारा कन्फाउंडर, कारणाचा परिणाम फलितापर्यंत पोचवणारा मध्यस्थ आणि दोन बाणांचे टोक ज्यावर येते तो कोलायडर, हे तीन प्रकार ओळखता आले पाहिजेत. पहिल्याचे समायोजन करायचे, एकूण परिणाम हवा असेल तर दुसऱ्याचे करायचे नाही, तिसऱ्याला हात लावायचा नाही. आकृतीतील बाण आकडेवारीतून निघत नाहीत. ते विषयाच्या ज्ञानातून येतात. म्हणून या तासाला अनुभवी वैद्य संख्याशास्त्रज्ञाला शिकवतो, असा प्रसंग येऊ शकतो.

सोडवलेले उदाहरण : हर्नान व रॉबिन्स यांच्या ग्रंथातील धूम्रपान-त्यागाचे उदाहरण आता जगभरच्या वर्गांत वापरले जाते. अमेरिकेतील एका राष्ट्रीय आरोग्य-सर्वेक्षणात १९७१ नंतर नोंदलेल्या आणि सुमारे दहा वर्षांनी पुन्हा तपासलेल्या १,५६६ धूम्रपान करणाऱ्यांची ही आकडेवारी आहे. मूळ संख्या १,६२९ होती; ६३ जणांचे नंतरचे वजन उपलब्ध नाही, आणि त्यांना वगळण्याने काय बिघडते हा एक स्वतंत्र धडा होतो. सिगारेट सोडलेल्या ४०३ जणांचे वजन सरासरी ४.५ किलो वाढले, न सोडलेल्या १,१६३ जणांचे २.० किलो. फरक अडीच किलोंचा. पण सोडणाऱ्यांचे सरासरी वय ४६.२ वर्षे होते, न सोडणाऱ्यांचे ४२.८, आणि वयस्कांचे वजन तरुणांपेक्षा कमी वाढते. म्हणजे अडीच किलोंचा फरक खऱ्या परिणामापेक्षा कमी असावा, असा अंदाज गणिताआधीच बांधता येतो. लिंग, वय, वंश, शिक्षण, रोजच्या सिगारेटी, धूम्रपानाची वर्षे, व्यायाम, दैनंदिन हालचाल व सुरुवातीचे वजन यांना हिशेबात धरून व्यस्त भारांकन केले (प्रत्येकाला, तो ज्या गटात आहे त्यात येण्याच्या शक्यतेच्या व्यस्त प्रमाणात भार दिला) की फरक ३.४ किलोंवर जातो. प्रमाणीकरणाने तो ३.५ येतो. दोन वेगळ्या वाटांनी जवळपास एकच उत्तर आल्यावर विद्यार्थ्यांना समाधान वाटते. शिक्षकाने तेथेच थांबवून विचारावे, की दोन्ही उत्तरे एकाच गृहीतावर, न मोजलेला कन्फाउंडर नाही यावर, उभी असताना त्यांच्या एकमताने सिद्ध काय झाले?

नेहमीच्या चुका : कमी वजनाच्या बालकांचे कोडे कोलायडर समजावण्यासाठी सर्वाधिक उपयोगी पडते. जेकब येरुशाल्मी यांच्या १९७१ च्या अभ्यासात असे दिसले, की जन्मतः कमी वजन असलेल्या बालकांपुरते पाहिले तर धूम्रपान करणाऱ्या मातांच्या बालकांत मृत्यूचे प्रमाण कमी आहे. धूम्रपानाने बालकांचे संरक्षण होते असा याचा अर्थ नव्हे. येथे वजन हाच कोलायडर आहे : ते कमी असण्याला धूम्रपानाखेरीज जन्मजात व्यंगासारखी अधिक घातक कारणेही असतात. माता धूम्रपान करत नसेल आणि तरी वजन कमी असेल, तर त्या घातक कारणाची शक्यता वाढते. फक्त कमी वजनाची बालके निवडल्यामुळेच हा उलटा संबंध निर्माण होतो.

‘अमर काळा’ची चूक वेळेच्या आरंभबिंदूशी निगडित आहे. ऑस्कर मिळालेले कलाकार इतर कलाकारांपेक्षा ३.९ वर्षे अधिक जगतात असे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पण पारितोषिक मिळेपर्यंत विजेता जिवंत असावाच लागतो आणि ती वर्षेही त्याच्या खात्यात जमा झाली होती. २००६ च्या फेरविश्लेषणात फरक सुमारे एका वर्षावर आला व तो सांख्यिकीदृष्ट्या ठोसही उरला नाही. औषधांच्या अभ्यासांत हीच चूक होते.

तिसरे उदाहरण रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरक-उपचाराचे. अमेरिकेतील परिचारिकांच्या मोठ्या कोहोर्ट अभ्यासात असा उपचार घेणाऱ्या स्त्रियांत हृदयरोग कमी दिसत होता. १६,६०८ स्त्रियांवरील यादृच्छिक चाचणी २००२ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली, कारण स्तनाच्या कर्करोगाचा धोका ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला व एकूण अपाय लाभांपेक्षा अधिक ठरले; हृदयरोगाचा धोकाही घटण्याऐवजी वाढलेला दिसला. २००८ मध्ये हर्नान व सहकाऱ्यांनी परिचारिकांचीच आकडेवारी चाचणीच्या धर्तीवर, उपचार नव्याने सुरू करणाऱ्या स्त्रियांपासून मोजली, तेव्हा दोन्ही अभ्यासांतील अंतर बरेच मिटले. मूळ फरकात सांपत्तिक स्थितीचा वाटा किती व उपचार सुरू करण्याच्या काळाचा किती, याविषयी एकमत नाही.

एकाच प्रारूपातील सर्व गुणकांना कारणात्मक अर्थ देण्याच्या प्रघाताला ‘टेबल-दोनचा हेत्वाभास’ असे नाव २०१३ मध्ये मिळाले. हा प्रघात पदव्युत्तर प्रबंधांत सर्रास आढळतो.

इतर पद्धती : साधन-चल, खंडित समाश्रयण व फरकांतील फरक (योजना लागू झालेल्या व न झालेल्या गटांत काळानुसार झालेल्या बदलांची तुलना) या अर्थशास्त्रात रुळलेल्या पद्धती, तर मेंडेलीय यादृच्छिकीकरण ही जनुकशास्त्रातून आलेली; आरोग्याच्या वर्गात यांना सहसा एखादाच तास मिळतो. न मोजलेल्या घटकाचा किती जोर असल्यास निष्कर्ष ढासळेल हे सांगणारी ई-व्हॅल्यू २०१७ मध्ये टायलर व्हँडरवील व पेंग डिंग यांनी सुचवली. तिचे मूळ कॉर्नफील्ड यांच्या युक्तिवादात आहे.

संगणकीय साधने : आर, स्टाटा, सॅस व पायथन, आकृत्यांसाठी डॅगिटी.

भारत : पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन पायाभूत अभ्यासक्रम सक्तीचा आहे; त्याचा भर संशोधन-प्रश्न, अभ्यासाचे प्रकार, नीती यांसारख्या प्राथमिक बाबींवर आहे. अध्यापनाला लागणारी भारतीय आकडेवारी मात्र विपुल आहे. मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणे आणि जिल्हास्तरीय घरगुती सर्वेक्षणे राबवली आहेत.

रुग्णालयात बाळंत होणाऱ्या स्त्रियांना रोख रक्कम देणाऱ्या, २००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेचा अभ्यास या जिल्हास्तरीय सर्वेक्षणांवरूनच झाला. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात जुळणी-पद्धतीने दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू २.३ ने कमी झाल्याचे दिसले. त्याच लेखातील जिल्ह्यांच्या फरकांतील फरक या पद्धतीने तशी स्पष्ट घट दिसली नाही, आणि २०१५ च्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासालाही ठोस पुरावा मिळाला नाही. पैसे मिळालेली स्त्री ही रुग्णालयापर्यंत पोचू शकलेली स्त्री असते. दुसरीकडे, अवघड बाळंतपण असल्यानेच रुग्णालय गाठणाऱ्याही असतात. या दोन ओढी परस्परविरुद्ध दिशांच्या असल्याने जुळणी कोणत्या बाजूला चुकेल हे आधी सांगता येत नाही. भारतीय वर्गासाठी धूम्रपान-त्यागापेक्षा हे उदाहरण अधिक योग्य आहे.

गडचिरोलीतील घरोघरी नवजात-बालसेवेचा प्रयोग, ज्याचे निष्कर्ष अभय बंग व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले, निरीक्षणात्मक अभ्यासांत मोडत नाही. मात्र ३९ गावे सेवेची व ४७ गावे तुलनेची अशी ती वाटणी यादृच्छिक नव्हती; त्यामुळे सुरुवातीची समानता कशी तपासावी हे शिकवताना त्याचा उपयोग होतो.

आक्षेप : यान फान्डनब्राउके, अ‍ॅलेक्स ब्रॉडबेंट व नील पिअर्स यांनी २०१६ मध्ये संभाव्य फलितांवर आधारलेल्या या संप्रदायावर एकांगीपणाचा आक्षेप घेतला. ज्यांत हस्तक्षेप करता येतो तेवढ्याच गोष्टींना कारण मानले, तर वंश, जात, लिंग, गरिबी यांविषयीचे प्रश्न अभ्यासाबाहेर पडतात, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. समर्थकांच्या मते प्रश्न नेमका केला तर ते सामावून घेता येतात.

मूल्यमापन : अशा शिक्षणाने प्रसिद्ध होणाऱ्या संशोधनाचा दर्जा किती सुधारतो, यापेक्षा विद्यार्थ्यांचे समाधान मोजण्याकडेच कल दिसतो.

प्रकाशनाचे नियम : निरीक्षणात्मक अभ्यासांत ‘परिणाम’ हा शब्द टाळून ‘संबंध’ लिहावे, असा वैद्यकीय नियतकालिकांचा दीर्घकाळ दंडक होता. २०१८ मध्ये हर्नान यांनी त्यावर टीका केली : शब्द सौम्य केल्याने निष्कर्ष अधिक खरा होत नाही, उद्देश तेवढा झाकला जातो. २०२४ मध्ये ‘जामा’ने या धोरणाच्या फेरविचाराची चर्चा सुरू केली. टार्गेट ट्रायलच्या धर्तीवरील अभ्यासांचा अहवाल कसा लिहावा, याची मार्गदर्शक सूची २०२५ मध्ये ‘जामा’ व ‘बीएमजे’ यांत एकाच वेळी प्रसिद्ध झाली.