आर्टेमिया : परकी जात आणि तिची जनुकीय ओळख

मिठागरांच्या अतिखारट पाण्यात वाढणारा, सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा कवचधारी जलचर. मुंबईच्या मिठागरांतील त्याची नोंद सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ मध्ये केली. वडाळा आणि दहिसरपलीकडचे भाईंदर ही नावे पुढे जगातील आर्टेमिया-स्थळांच्या याद्यांत आली. इथला मूळ वंश अनिषेकजननाने वाढतो, म्हणजे सगळ्या माद्याच. नराची गरज नसते. पावसाळ्यात मिठागराच्या कोंड्यांत गोडे पाणी भरले की जीव मरतात, पण टणक कवचाची सुप्त अंडी टिकतात आणि पाणी पुन्हा खारट झाले की उबतात.

परक्या जातीचे आक्रमण होते ते अशाच अंड्यांतून. अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेक आणि सान फ्रान्सिस्को उपसागरातील आर्टेमिया फ्रान्सिस्काना या जातीची अंडी डबाबंद होऊन जगभर विकली जातात. कोळंबीच्या बीजकेंद्रांत आणि शोभेच्या माशांसाठी त्यांतली पिले जिवंत खाद्य म्हणून वापरतात. निसटलेली अंडी पाण्याबरोबर आणि पाणपक्ष्यांच्या पोटातून दूर पोहोचतात. ही जात देशातील खारट अधिवासांतून स्थानिक वंशांना हुसकावते आहे, हे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेतील पी. ए. विकास, के. के. विजयन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले.

अंडी पाहून जात सांगता येत नाही. कोंडीत नर भरपूर दिसले तर संशय घ्यावा, पण खात्री डीएनएच देतो. सूत्रकणिकेतील सीओआय जनुकाचा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून तो ज्ञात नमुन्यांशी ताडतात. संकर शोधायला मात्र एवढे पुरत नाही. सूत्रकणिका फक्त आईकडून येते, त्यामुळे संकरित जीव या चाचणीत शुद्ध मातृवंशाचा ठरतो. म्हणून आयटीएस-१ सारखे केंद्रकातील खुणेचे भागही तपासावे लागतात. टोकियोच्या उपसागरातील कार्सिनस खेकडे दोन युरोपीय जातींचे संकर आहेत, हे अशाच केंद्रकीय खुणांवरून ठरले.

फ्रान्सिस्कानाचा आशियाई जातींशी संकर होत नाही. त्यामुळे स्थानिक वंश तिच्यात मिसळून अंशतः उरण्याची शक्यताच नाही. तो जातो तेव्हा समूळ जातो, आणि हेच अधिक चिंतेचे. संकर होतो तो आशियाई नातेवाइकांत : अनिषेकजनक वंशांत क्वचित जन्मणारे नर आशियातील द्विलिंगी जातींच्या माद्यांशी जुळतात.

मुंबईच्या मिठागरांच्या जमिनींना इमारतींसाठी सतत मागणी असते. भराव पडण्याआधी तिथली अंडी गोळा करून तपासणे आणि जपणे निकडीचे आहे. काम अवघड नाही. वाऱ्याने कोंडीच्या एका काठाला तपकिरी साय साचते, ती बारीक जाळीतून गाळून वाळवायची. कोरडी अंडी वर्षानुवर्षे राहतात, आणि त्यांतून डीएनएही काढता येतो.