‘व्ह्यू’ची चौकट वेगवान कशी झाली?

एखादे संकेतस्थळ उघडण्यास वेळ लागला, की आपण बहुधा इंटरनेटच्या जोडणीला दोष देतो. अनेकदा पान मोबाइलपर्यंत केव्हाच पोहोचलेले असते. त्यासोबत आलेली जावास्क्रिप्ट वाचून ती चालवण्यात फोनचा प्रोसेसर गुंतलेला असतो. महागड्या फोनला या कामाचे काही वाटत नाही, स्वस्त फोनला मात्र धाप लागते. आज प्रोग्रामर ही जावास्क्रिप्ट शून्यापासून क्वचितच लिहितो. तो एखाद्या तयार चौकटीवर, म्हणजे फ्रेमवर्कवर, आपले काम उभारतो. साहजिकच त्या चौकटीची बांधणी प्रोग्रामरच्या कष्टांइतकीच वाचकाच्या प्रतीक्षेलाही कारण ठरते.

‘व्ह्यू’ ही अशीच एक लोकप्रिय चौकट. पूर्वी गूगलमध्ये काम केलेल्या इव्हान यू यांनी ती २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. माहिती बदलली की पडद्यावरचे दृश्य आपोआप बदलावे, हे तिचे मुख्य काम. ग्राहकाने खरेदीच्या टोपलीत वस्तू टाकली की कोपऱ्यातला आकडा वाढतो. त्यासाठी प्रोग्रामरला वेगळी आज्ञा लिहावी लागत नाही.

हे घडते कसे? २०१६ मध्ये आलेली दुसरी आवृत्ती माहितीच्या प्रत्येक कप्प्यावर आरंभीच एक पहारेकरी नेमत असे. वाड्यातील प्रत्येक खोलीच्या दाराशी एकेक माणूस बसवावा, तसा हा प्रकार होता. परंतु नंतर बांधलेल्या खोलीला पहारेकरी मिळत नसे. तेथील माहिती बदलली, तरी पडदा स्तब्धच. चुकीची सूचनाही येत नसे. या एका विचित्रपणामुळे नवख्या प्रोग्रामरांचे किती तास वाया गेले असतील, याची गणती नाही. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने पहारा खोल्यांवरून काढून वाड्याच्या दिंडी दरवाजावर आणला. जावास्क्रिप्टमधील ‘प्रॉक्सी’ या सोयीमुळे हे शक्य झाले. खोली जुनी असो वा नवी, ये-जा दरवाजातूनच होते. मात्र ही सोय इंटरनेट एक्सप्लोररमध्ये नव्हती व तिची नक्कल करणेही शक्य नव्हते. त्यामुळे त्या जुन्या ब्राउझरला सोडचिठ्ठी द्यावी लागली. पुढे जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच त्याला निवृत्त केले.

दुसरी सुधारणा पडदा रंगवण्यातली. पानाचा बराचसा भाग, उदाहरणार्थ शीर्षके व चौकोन, कधीच बदलत नाही. तरीही प्रत्येक बदलाच्या वेळी जुनी व नवी प्रतिकृती ताडून पाहण्यात बराच वेळ जात असे. नव्या आवृत्तीत कोणते भाग बदलू शकतात याच्या खुणा पान तयार होतानाच केल्या जातात आणि तपासणी तेवढ्यापुरतीच होते. आधीच्या आवृत्तीच्या तुलनेत पहिले दर्शन ५५ टक्क्यांपर्यंत जलद, स्मृतीचा वापर ५४ टक्क्यांपर्यंत कमी, असे आकडे ‘व्ह्यू’च्या चमूने तेव्हा दिले होते. त्यातील ‘पर्यंत’ हा शब्द दुकानातील सेलच्या पाटीवर वाचतो तितक्याच सावधपणे वाचावा.

प्रोग्रामरच्या टेबलावरचे खरे स्थित्यंतर मात्र ‘वीत’ या साधनाने घडवले. तेही यू यांनी २०२० मध्येच तयार केले. (शब्द फ्रेंच, अर्थ ‘झटपट’, आपल्या हाताच्या वितीशी त्याचा संबंध नाही.) पूर्वी एक ओळ तपासायची, तरी शेकडो फायलींचे गाठोडे आधी बांधावे लागे. मोठ्या प्रकल्पात त्यासाठी मिनिटभरही वाट पाहावी लागे आणि तेवढ्यात विचारांची साखळी तुटे. ‘वीत’ गाठोडे बांधतच नाही. ब्राउझर जी फाइल मागेल, तेवढीच ते पुढे करते. बाहेरून आणलेली ग्रंथालये ‘ईएसबिल्ड’ या गो भाषेतील अतिवेगवान साधनाकडून आधीच तयार करून घेतली जात. इतर चौकटींनीही ही पद्धत स्वीकारली. रिअ‍ॅक्टच्या चमूने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपले जुने प्रारंभसाधन मोडीत काढले, तेव्हा सुचवलेल्या पर्यायांत ‘वीत’ होते.

मात्र ही चपळाई प्रोग्रामरच्या संगणकावरची आहे. फायली त्याच यंत्रात असल्याने सुट्या मागवण्यास वेळ लागत नाही. वाचकाला त्या नेटवर्कवरून आणाव्या लागतात आणि शेकडो फेऱ्या महागात पडतात. म्हणून प्रकाशनाच्या वेळी गाठोडे बांधावेच लागते. ते किती जड होईल, हे कोणतेही साधन परस्पर ठरवत नाही. क्वचितच उघडल्या जाणाऱ्या अहवालाच्या पानासाठी आलेखांचे अवजड ग्रंथालय मुखपृष्ठासोबतच पाठवले, तर चौकट कितीही चपळ असो, वाचक ताटकळणारच. असे भाग गरज पडेल तेव्हाच मागवण्याची सोय ‘व्ह्यू’त आहे. गूगलच्या निकषांनुसार पानावरील सर्वांत मोठा दृश्य घटक अडीच सेकंदांत दिसावा आणि स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा. ही मोजणी कार्यालयातील लॅपटॉपवर न करता साध्या फोनवर करावी, असे आमचे मत आहे.

या प्रगतीची किंमत जुन्या प्रकल्पांनी मोजली. २०१९ मध्ये लेखनाची नवी पद्धत सुचवली गेली, तेव्हा जुनी रद्द होणार या समजाने वापरणाऱ्यांत क्षोभ उसळला. अखेर दोन्ही पद्धती राहिल्या. तरीही आवृत्ती बदलणे सोपे नव्हते, कारण प्रकल्प ज्या पूरक ग्रंथालयांवर उभे होते, तीही बदलावी लागत. ‘व्ह्यूटिफाय’ या लोकप्रिय घटकसंचाची नव्या ‘व्ह्यू’साठीची आवृत्ती २०२२ च्या अखेरीस आली आणि ३१ डिसेंबर २०२३ रोजी दुसऱ्या आवृत्तीचा अधिकृत आधार संपला. तेव्हापासून तिच्यात सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींवर मूळ चमूकडून मोफत दुरुस्ती मिळत नाही. अजूनही तिच्यावर चालणाऱ्या संकेतस्थळांनी प्रथम २.७ ही आवृत्ती घ्यावी. नव्या लेखनपद्धतीचा मोठा भाग तिच्यात उपलब्ध असल्याने एकेक घटक बदलत नेता येतो. पूरक ग्रंथालयांची यादी तपासण्याचे काम मात्र त्याआधीच उरकावे, कारण स्थलांतर बहुधा तेथेच अडते.