रंग आणि अस्तर

आमच्या सीमाभागात खंडेनवमीचे महत्त्व दिवाळीहून कमी नाही. त्या दिवशी शेतकरी आपल्या औताची, सुतार आपल्या करवतीची आणि लॉरीवाला आपल्या लॉरीची पूजा करतो. आम्ही वकील मंडळी लेखणीस व कायद्याच्या पुस्तकांस हळदकुंकू वाहतो. गेल्या नवरात्रापूर्वी आमच्या चिरंजिवांनी हट्ट धरला की, अफजलपूरच्या घरी मागल्या पडवीत गोणपाटाखाली उभी असलेली आजोबांची जावा मोटारसायकल या खेपेस पूजेला यावी, आणि यावयाची ती नव्या रूपात यावी. टाकी, बाजूची झाकणे व दोन्ही मडगार्ड काळे करावयाचे, आणि तेही पेंटरकडे न देता घरीच. हट्ट निरुपद्रवी वाटला म्हणून आम्ही मान्य केला. पाण्यात भिजविलेला वॉटरपेपर हाती घेऊन आम्हीही त्याच्याशेजारी बसलो.

वरचा हिरवा रंग घासता घासता खाली गडद तांबडा रंग दिसू लागला. त्याच्याही खाली, एके ठिकाणी रुपयाएवढ्या जागेत, विटकरी रंगाचे अस्तर उघडे पडले. ते पाहताच चिरंजीव म्हणाले, "हा तर गेरू!" मुलाने सहज काढलेला तो शब्द आमच्या मनात राहिला, कारण तो अक्षरशः खरा होता.

लोखंडी पत्र्यावर रंग देण्यापूर्वी जे अस्तर लावतात, ज्यास आपल्याकडील रंगारी 'रेडऑक्साइड' म्हणतात, ते म्हणजे लोहाची तांबडी माती, अर्थात गेरूच होय. ज्या गेरूने आपण तुळशीवृंदावन सारवतो, देवळाच्या पायऱ्यांच्या कडा रेखतो, तोच द्रव्यरूपाने मोटारसायकलच्या टाकीवर असतो. याहून मौज अशी की, गेरूच्या आधी लोखंडाचे अस्तर म्हणून जगभर जो रंग मान्यता पावला होता, तोही आपल्या देवळातलाच. एकोणिसाव्या शतकात लोखंडी पूल, जहाजे, कारखान्यांचे सांगाडे उभे राहिले, तेव्हा त्यांस गंजापासून राखण्यासाठी जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर लावीत. शेंदूर म्हणजे शिशाचे एक भस्म. तेलातील अम्लांशी त्याचा संयोग होऊन जो साबणासारखा पदार्थ बनतो, तो लोखंडास गंज चढू देत नाही. मारुतीच्या मूर्तीवर तेलशेंदराचे लेपन करणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे रसायन ठाऊक होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांची दृष्टी भक्तीची होती. परंतु तेलात कालवून थरावर थर दिल्यास आतील वस्तू कवचात राहते, हा अनुभव मात्र त्यांच्या हाताला होता. 2022 साली वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील पिढ्यानुपिढ्यांचे शेंदराचे लेपन उतरविण्यात आले, तेव्हा आतील मूळ स्वरूप भाविकांनी पाहिले, हे पुष्कळ वाचकांच्या स्मरणात असेल. लेपाने मूर्ती झाकली होती हे खरे. तिचे जतन केले होते हेही तितकेच खरे.

शिसे हे विषारी आहे, ही गोष्ट पुढे सर्वमान्य झाली. आपल्या देशात 2016 च्या नियमांनी घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांवर आणले. तो निर्बंध 1 नोव्हेंबर 2017 पासून अंमलात आला. म्हणून जुना रंग घरी खरवडणाऱ्याने तो कोरडा कधीही घासू नये; ओला करून, तोंडाला फडके बांधून घासावा आणि पडलेला कीस मुलांच्या हाती लागू देऊ नये, एवढी सूचना ओघात करून ठेवतो.

धातूला रंग देण्याची आणखी एक तऱ्हा आमच्या शेजारच्याच बीदर जिल्ह्यात बहामनी काळापासून नांदते आहे. बिदरी भांडे जस्ताचे. त्यात तांब्याचा थोडा अंश. त्यावर रुप्याची नक्षी जडवून झाली म्हणजे बीदरच्या किल्ल्यातील जुनी माती नवसागरासह पाण्यात उकळून तिचा लेप भांड्याला देतात. जस्त काळेभोर होते. रुपे मात्र शुभ्रच राहते. येथे रंग बाहेरून चढविलेला नसतो. धातूच्या अंगचाच तो पालटून निघालेला असतो. बिदरीचा काळा रंग नखाने खरवडून निघत नाही, याचे कारण हेच. मोटारसायकलच्या टाकीचा रंग त्या जातीचा नव्हे. तो वर बसलेला असतो आणि उतरूही शकतो. उतरणारा रंग आला म्हणजे त्याचा इतिहासही आला, आणि वादही आले.

मोटारींच्या आरंभीच्या काळात रंग ही कारखान्याची मोठी अडचण होती. एकेक थर वाळावयास दिवसच्या दिवस लागत. फोर्डची सुप्रसिद्ध मॉडेल टी गाडी 1914 ते 1925 या काळात केवळ काळ्याच रंगात मिळे. गाड्या झपाट्याने बाहेर काढावयाच्या तर स्वस्त, टिकाऊ व लवकर वाळणारा तोच रंग सोयीचा होता. 1923 साली अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा 'ड्यूको' हा फवारणीचा रंग आणला. तो काही तासांत वाळू लागला आणि गाड्यांना पुन्हा नाना रंग आले. आपल्याकडे आजही एखादा रंगारी लाकडी कपाटालासुद्धा 'ड्यूको मारतो'. कंपनीच्या मालाचे नाव क्रियेचे नाव होऊन बसले.

पुढे महायुद्ध आले. बीएसए कंपनीची एम20 ही मोटारसायकल युद्धकाळात सुमारे 1,26,000 इतक्या संख्येने बनली, आणि ती खाकी वा हिरव्या लष्करी रंगात रणभूमीवर धावली. युद्ध संपल्यावर अशा गाड्या निकालात निघून नागरिकांच्या हाती आल्या, तेव्हा नव्या मालकाचे पहिले काम तो लष्करी रंग पुसून दुसरा देणे हेच असे. आमच्या प्रदेशापुरता त्या रंगाला निराळाच अर्थ होता. अफजलपूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्याची मुख्य फळी सोलापूरच्या बाजूने, नळदुर्गमार्गे संस्थानात शिरली आणि पाच दिवसांत संस्थानाचा निकाल लागला. रंग पाहून माणूस कोणत्या बाजूचा हे ओळखण्याचे ते दिवस होते. आजही 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 121वा नियम असे सांगतो की, संरक्षण खात्याची वाहने वगळून अन्य कोणत्याही वाहनास ऑलिव्ह हिरवा रंग देऊ नये. रंग हा डोळ्यांच्या सुखापुरता नसून ती एक साक्ष आहे, हे कायद्यानेही ओळखले आहे.

आमच्या कोंकणी वाचकांना याचे उदाहरण दूर शोधावयास नको. गोव्यात भाड्याने मोटारसायकल चालविणारा तो 'पायलट'. त्याची गाडी ओळखावयाची कशी? पुढच्या पिवळ्या मडगार्डावरून. सबंध गाडीत एकच भाग निराळ्या रंगाचा. पण त्या एका भागावर विश्वासून अनोळखी माणूस मागे बसतो. उद्या कोणी परवाना नसता घरच्या पडवीत मडगार्ड पिवळा करील, तर त्याने रंग दिला असे न म्हणता खोटी साक्ष दिली असेच म्हणावे लागेल.

साक्षीचा प्रश्न आमच्यासमोर मात्र फार निराळ्या रीतीने उभा राहिला होता. वकिलीच्या आरंभीच्या वर्षांत एका विधवा बाईंचा अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा आमच्याकडे आला. पतीला धडक देणारी मोटारसायकल हिरवी होती, असे दोन्ही साक्षीदारांनी शपथेवर सांगितले. नोंदणीच्या पुस्तिकेत रंग लिहिला होता तांबडा. विमा कंपनीच्या वकिलांनी ती पुस्तिका पुढे करून विचारले की, विमा उतरविलेली गाडी ती हीच कशावरून? खरी हकीकत इतकीच होती की, गाडीमालकाने अपघातापूर्वी काही महिने घरीच टाकी व झाकणे रंगविली होती आणि कोठेही कळविले नव्हते. चासीचा व इंजिनाचा क्रमांक जुळवून आम्ही ते सिद्ध केले. निकाल बाईंच्या बाजूने लागला. पण त्या एका रंगापायी दीड वर्ष अधिक गेले, आणि त्या दीड वर्षात बाईंच्या थोरल्या मुलीची शाळा सुटली. पुस्तिकेतील रंगाचा रकाना आम्ही दावा लावण्यापूर्वी वाचला असता, तर साक्षीदारांस उभे करण्याआधीच तो पुरावा तयार ठेवता आला असता. तो दोष आमचा. तो अद्याप आम्हांस बोचतो.

मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमात 'फेरफार' म्हणजे वाहनाच्या रचनेत असा बदल की ज्याने त्याचे मूळ स्वरूप पालटते, असा खुलासा आहे. केवळ रंग पालटण्याने रचना पालटत नाही, असा युक्तिवाद करता येईल आणि तो पुष्कळ अंशी बरोबरही ठरेल. तथापि नोंदणीच्या पुस्तिकेत रंगाचा रकाना आहे आणि तो भरलेला असतो. कागद एक बोलतो आणि पत्रा दुसरे बोलतो अशी स्थिती ठेवू नये; रंग पालटल्यास नोंदणी कार्यालयात कळवून पुस्तिकेत तशी नोंद करून घ्यावी. फवाऱ्याच्या डब्याइतकाच हा खर्चही रंगकामाचाच भाग समजावा.

आता आमच्या पडवीतील जावाकडे वळू. या गाड्या 1961 पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनू लागल्या; पुढे त्या येझदी नावाने निघाल्या आणि 1996 साली कारखाना बंद झाला. जावाचा गडद तांबडा रंग प्रसिद्ध होता आणि आमच्या गाडीच्या पुस्तिकेतही 'तांबडा' असेच लिहिले आहे. मग वरचा हिरवा कोठला? तो कुंचल्याने दिलेला होता. केसांच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. आमच्या मातोश्री दारात उभ्या राहून पाहात होत्या. त्या म्हणाल्या, "तुझ्या बारशाला दार रंगवलं होतं. डब्यात रंग उरला, तो ह्यांनी गाडीला लावला. तांबडा ठिकठिकाणी उडाला होता. पेंटरला द्यायला तेव्हा पैसे कुठले?"

आम्ही उठून पुढच्या दाराशी गेलो. त्यावर नंतर दोन वेळा रंग चढला आहे. पण बिजागरीच्या मागे, जेथे कुंचला पोहोचत नाही तेथे, तोच हिरवा आहे. ज्या गोष्टीसाठी आम्ही कोर्टात गाडीमालकाला दोष दिला, तीच गोष्ट आमच्या तीर्थरूपांनी केली होती, आणि ती आमच्याच बारशाच्या आनंदात. वडिलांनी गाडीचे काही लपविले नव्हते. उघड्या पडलेल्या लोखंडाला घरात होता तो रंग त्यांनी दिला.

चिरंजीवही हे ऐकत होते. त्यांनी घासणे थांबवून विचारले, "मग आता काळा नको का द्यायला?" आम्ही म्हटले, द्यावा. रंग देण्यासाठीच असतो. त्यानंतर काम रीतसर झाले. टाकी आधीच काढून पेट्रोल ओतून रिकामी केली होती व चुलीपासून, देवघरातील समईपासून दूर अंगणात ठेवली होती. रिकाम्या टाकीतील वाफ भरल्या टाकीहून अधिक धोक्याची असते. खळग्यांत लांबी भरली, अस्तर दिले, एकदम जाड थर न देता पातळ थर देऊन प्रत्येक थर वाळू दिला. वर पेट्रोलला दाद न देणारा पारदर्शक लेप दिला. तो नसता तर पहिल्याच सांडलेल्या थेंबाने टाकीच्या तोंडाशी रंग उठला असता.

मात्र एक गोष्ट मुलाने आम्हांस न विचारता केली. डाव्या बाजूच्या झाकणाची आतली बाजू त्याने घासलीच नाही. तेथे हिरवा रंग कुंचल्याच्या रेघांसह तसाच आहे.

खंडेनवमीला गाडीची पूजा झाली. तिच्या नोंदणीची मुदत केव्हाच संपली होती. ती नूतन करण्यासाठी गाडी तपासणीस न्यावयाचीच होती. कागदपत्रांबरोबर रंगबदलाचा अर्जही आम्ही स्वतः लिहून दिला. पुस्तिकेत 'तांबडा' जाऊन 'काळा' आला. मधला हिरवा कोणत्याच कागदावर कधी नव्हता. दत्तजयंतीला चिरंजीव आजीला मागे बसवून आमच्याच तालुक्यातील गाणगापूरला गेले. निघण्यापूर्वी मातोश्रींनी ते डावे झाकण काढावयास सांगितले, आतून पाहिले, आणि पुन्हा बसवून घेतले.