विधिप्रवेश परीक्षेतील उतारे : एक ऐतिहासिक टिपण

अमेरिकेतील विधिशाळांच्या प्रवेशपरीक्षेत (‘एलसॅट’ हे तिचे संक्षिप्त नाव आपल्याकडेही आता परिचित आहे) उतारा वाचून त्यावरील प्रश्नांची उत्तरे देण्याचा एक विभाग असतो. शालेय परीक्षेतील उताऱ्याचीच ही प्रौढ आवृत्ती होय, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखकास तो अपुरा वाटतो. या प्रश्नांचे स्वरूप उलगडावयाचे, तर १८७० साली हार्वर्डच्या विधिशाळेत सुरू झालेल्या परिवर्तनाकडे वळले पाहिजे.

त्या वर्षी ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल हे तेथील अधिष्ठाता झाले. तोपर्यंत विधिशिक्षणाचा भर व्याख्याने व पाठ्यग्रंथ यांवर असे. लँगडेल यांनी १८७१ मध्ये करारविषयक न्यायनिर्णयांचा संग्रह प्रसिद्ध केला व विद्यार्थ्यांपुढे मूळ निर्णयच ठेवले. खटल्याची हकीकत कोणती, वादाचा मुद्दा कोणता, निर्णयाचा आधार कोणता आणि न्यायाधीशाने जाता जाता केलेले विधान कोणते, याचा निवाडा वर्गातील प्रश्नोत्तरांतून व्हावयाचा. ही पद्धती पुढे इतर विधिशाळांतही रूढ झाली आणि कायदा शिकणे म्हणजे प्रथम वाचावयास शिकणे, हे समीकरण दृढ झाले.

परीक्षा आली ती बरीच नंतर. १९४५ साली कोलंबिया विद्यापीठाचे प्रवेशाधिकारी फ्रँक बाउल्स यांनी महाविद्यालयीन प्रवेश परीक्षा मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहून नव्या कसोटीची सूचना केली. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांना शिक्षणाची दारे उघडली होती. नोव्हेंबर १९४७ मध्ये विधिशाळांच्या प्रतिनिधींची बैठक झाली व फेब्रुवारी १९४८ मध्ये पहिली परीक्षा घेण्यात आली. उमेदवाराचे कायद्याचे ज्ञान तपासणे हा तिचा हेतू नव्हता; विधिशाळेच्या पहिल्या वर्षात तो कितपत यशस्वी होईल, याचा अंदाज तिला बांधावयाचा होता.

ज्ञान वगळून वाचन तपासावयाचे, ही अट दिसते तितकी सोपी नाही. समजा, एखाद्या उताऱ्यात म्हटले आहे की, काही इतिहासकार इंग्लंडमधील ज्यूरीपद्धतीचे मूळ फ्रँकिश राजांच्या चौकशीपद्धतीत शोधतात, परंतु त्यांचा पुरावा लेखकास पुरेसा वाटत नाही. लेखकाचे मत विचारले असता, ‘ज्यूरीचे मूळ फ्रँकिश नाही’ हा पर्याय उमेदवारास मोह घालतो. लेखकाने तसे कोठेच म्हटलेले नाही. पुरावा अपुरा ठरविणे निराळे आणि सिद्धांत असत्य ठरविणे निराळे. ज्याने हाइनरिख ब्रुनर यांचे या विषयावरील संशोधन वाचले आहे, त्याचा पाय येथे घसरण्याचा संभव तर अधिकच. कारण तो उताऱ्याला उत्तर न देता ब्रुनर यांना उत्तर देऊ लागतो. आपल्या विषयाच्या विद्यार्थ्यांनाही ही चूक अपरिचित नसावी. दप्तरातील कागद काय सांगतो, याआधी तो काय सांगेल हे आपण ठरवून बसतो. उताऱ्याचे मुख्य प्रतिपाद्य विचारणारा प्रश्न वाचताना मीमांसकांच्या तात्पर्यनिर्णयाची आठवण होते. दोहोंत ऐतिहासिक संबंध अर्थातच नाही; उपक्रम आणि उपसंहार जुळवून पाहण्याची सवय मात्र दोन्हीकडे सारखीच उपयोगी पडते.

तथापि लँगडेल यांच्या वर्गातील एक गोष्ट या परीक्षेत येऊ शकली नाही, ती म्हणजे वाद. वर्गात विद्यार्थ्याला आपल्या अर्थाचे समर्थन करता येई आणि प्रसंगी शिक्षकालाही अडविता येई. येथे पाच पर्यायांतून एक निवडावयाचा. समर्थन करण्यास जागा नाही. शिवाय पस्तीस मिनिटांत सुमारे सत्तावीस प्रश्न सोडवावयाचे. विधिव्यवसायात तेच पान दहा वेळा वाचणाऱ्याला कोणी मंदबुद्धी म्हणत नाही. प्रस्तुत लेखकास वेळेचे हे बंधन परीक्षेच्या मूळ हेतूशी विसंगत वाटते; शीघ्र वाचन व साक्षेपी वाचन हे एकच गुण नव्हेत.

वादाची थोडी भरपाई जून २००७ मध्ये झाली. चार उताऱ्यांपैकी एकाच्या जागी परस्परसंबद्ध असे दोन लहान उतारे देण्यात येऊ लागले. पहिल्या लेखकाच्या कोणत्या विधानास दुसरा लेखक हरकत घेईल, असे प्रश्न त्यांवर विचारता येतात. वादी आणि प्रतिवादी, दोघेही निदान कागदावर उपस्थित झाले. ऑगस्ट २०२४ पासून मांडणीच्या कोड्यांचा विभाग परीक्षेतून वगळण्यात आला. तर्कविचाराचे दोन आणि वाचनाचा एक, अशा तीन विभागांचे गुण आता धरले जातात. वाचनाच्या विभागातील जोडउतारा कायम आहे.