३५० डॉलरची गोळी

एचआयव्हीची औषधं सरकारी एआरटी केंद्रात २००४ पासून फुकट मिळतात. त्याआधीचे दिवस आठवा. २००० च्या सुमारास परदेशी कंपन्यांच्या तीन औषधांना वर्षाला १०,००० डॉलरहून जास्त लागायचे. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसूफ हमीद यांनी आफ्रिकेसाठी तोच उपचार ३५० डॉलरात देऊ केला. हा काही चमत्कार नव्हता. आपल्या १९७० च्या कायद्यात पेटंट औषधाला नव्हतंच, ते बनवण्याच्या पद्धतीला होतं!

२००५ साली कायदा बदलला. पण जुन्याच औषधाला नुसतं नवं रूप दिलं तर पेटंट नाही, हे कलम आपल्या संसदेनं घातलं. मला विचाराल तर ते सोन्यासारखं कलम आहे. २००९ मध्ये टेनोफोव्हिरवरचा गिलियडचा अर्ज फेटाळला गेला, तेव्हा विरोधात रुग्णांच्या संघटनाही उभ्या होत्या.

हीच टेनोफोव्हिर जुनाट हिपॅटायटिस बी वरही चालते. २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमापासून त्या रुग्णांनाही ती मोफत आहे. पण गोळीचं पाकीट दिसलं की 'याला एड्स झालाय' म्हणणारे आपल्यातच आहेत. त्या धास्तीनं कुणी गोळी मध्येच सोडली, तर विषाणू पुन्हा उसळतो आणि यकृत निकामी होऊ शकतं.