रॉडा प्रकरण आणि काडतुसांचा प्रश्न
पिस्तूल हस्तगत झाले, तरी त्याच्याच मापाच्या काडतुसांवाचून ते निरुपयोगी ठरे. बंगाली क्रांतिकारकांच्या शस्त्रसंग्रहाचा विचार या दृष्टीने होणे अवश्य आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्यामुळे काडतुसांची उघड खरेदी त्यांना अशक्य होती. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यास रॉडा कंपनीच्या मालातून ५० माउझर पिस्तुले व त्यांचीच ४६,००० काडतुसे, म्हणजे पिस्तुलामागे ९२०, त्यांनी पळविली. या पिस्तुलांचा पुढे ५४ प्रकरणांत वापर झाल्याचे रौलट समितीने १९१८ साली नमूद केले. याउलट, १८ एप्रिल १९३० रोजी चितगावच्या साहाय्यक सेनेच्या शस्त्रागारात बंदुका मिळाल्या. काडतुसे मात्र सापडली नाहीत. सारांश, रॉडा प्रकरणाचे महत्त्व पिस्तुलांच्या संख्येपेक्षा शस्त्र व काडतूस यांच्या मेळात शोधावे लागते.